वीतभर कापडातले चार धागे

राजय्यांची आणि माझी ओळख माझ्या साडीच्या पदरामुळे झाली. शाळेत रुजू झाले त्या दिवशी मी प्रयोगशाळा पाहायला गेले, तेव्हा खाकी शर्टातले एक सडपातळ गृहस्थ चंचुपात्रे पुसून फडताळात लावत होते. त्यांनी नमस्कार केला, माझ्या पदराकडे दोन-तीनदा पाहिले आणि अवघडून म्हणाले, “बाई, रागावू नका. पदराचं टोक तेवढं टेबलावर ठेवता का? मी हात लावत न्हाय.”

मी ठेवले. त्यांनी खिशातून घडीची एक पितळी काच काढली. ती उलगडली की खाली बरोबर एक इंचाची चौकट आणि वर भिंग, अशी तिची रचना होती. सुईच्या टोकाने ते धागे मोजू लागले. “ओढू नका, सैल सोडा,” एवढेच मधे म्हणाले. मग मान वर करून त्यांनी निकाल सांगितला, “उभे चौसष्ट, आडवे छप्पन. दुकानदारानं काय म्हणून दिली?”

“दाट विणीची म्हणून.”

“दाट न्हाय. बरी हाय.”

त्यात कुत्सितपणा नव्हता. तापमापीवरचा अंक वाचून दाखवावा तसे त्यांनी ते सांगितले आणि काच घडी करून खिशात ठेवली. पुढे कळले की शाळेतला एकही सदरा, टॉवेल किंवा पडदा या काचेतून सुटलेला नाही. मुख्याध्यापकांच्या टेबलावरचे निळे कापडसुद्धा मोजून झाले होते.

राजय्या आमच्या शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. घर सोलापूरच्या पूर्व भागात, भाषा तेलुगू आणि धंदा पिढ्यान्‌पिढ्या विणकामाचा. दहावीनंतर नऊ वर्षे त्यांनी कापडाच्या एका गोदामात तपासनीस म्हणून काम केले. मागावरून उतरलेले कापड ठरलेल्या विणीचे आहे की नाही हे पाहणे, एवढेच काम. गोदाम बंद पडले, राजय्या शाळेत आले, आणि येताना ती काच तेवढी बरोबर आणली. मुले त्यांना मामा म्हणत. त्यांचे एक वाक्य मुलांना पाठ होते: “काच लावा, मग बोला.” वर्गात कुणी बढाई मारू लागला की मागच्या बाकावरून हे वाक्य येई.

प्रयोगशाळेतल्या लाकडी मीटरपट्ट्यांची शून्याकडची टोके वापरून झिजली आहेत, हे माझ्या आधीच्या कुणाही शिक्षकाच्या लक्षात आले नव्हते. राजय्यांनी ते पहिल्या वर्षीच हेरले होते. त्यांनी प्रत्येक पट्टीवर दहाच्या खुणेपाशी लाल रेघ मारून ठेवली होती आणि मुलांना बजावले होते, “हितनं मोजायचं आन् दहा वजा करायचे. पट्टी म्हातारी झालीय, तिला सुरुवात आठवत न्हाय.” मोजमापातील त्रुटी हा धडा मी पुढे बरीच वर्षे शिकवला. त्याचे याहून सोपे निरूपण मला साधले नाही.

शाळा सुटल्यावर ते अर्धा तास वाचत. फडताळातली विज्ञानाची पुस्तके त्यांनी ओळीवर बोट ठेवून, सावकाश, पण एकही पान न गाळता वाचली होती. कळले नाही तर विचारत. कळले तरी एकदा विचारून खात्री करून घेत.

दर विज्ञानदिनी मी विश्वाच्या प्रसरणावर व्याख्यान देत असे. साधन म्हणून रुंद रबराची एक पट्टी होती. तिच्यावर बटणे चिकटवलेली. एकेक बटण म्हणजे एकेक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा एकेक समूह. एक टोक मी धरायचे, दुसरे राजय्यांनी, आणि दोघांनी ओढायचे. बटणे आपल्या जागीच असतात, परंतु त्यांच्यामधले अंतर वाढते. दीर्घिका पळत नाहीत, मधली जागाच वाढते, हे मुलांना त्यावरून पटे.

एका वर्षी मी त्यात पुढचा भाग घातला. माझ्या विद्यार्थिदशेत आम्हांला शिकवले होते की, गुरुत्वाकर्षण सगळ्यांना एकमेकांकडे ओढते, म्हणून प्रसरणाचा वेग हळूहळू कमी होत असला पाहिजे. तो किती कमी होतो हे मोजण्यासाठी शास्त्रज्ञांनी फार दूरच्या, स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांचा प्रकाश मोजला. अशा एका जातीच्या ताऱ्यांचे मूळ तेज किती असते ते ठाऊक असते, त्यामुळे ते किती मंद दिसतात यावरून अंतर काढता येते. तारे अपेक्षेपेक्षा मंद निघाले, म्हणजेच अधिक दूर निघाले. वेग कमी होत नव्हता, वाढत होता. या वाढीमागे जे काही आहे त्याला कृष्ण ऊर्जा असे नाव मिळाले. ती काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही. तिचा एक गुण मात्र मानला जातो, की जागा वाढली तरी ती विरळ होत नाही. नव्या जागेतही ती तितकीच असते.

व्याख्यान झाले. राजय्या रबर गुंडाळत होते. “बाई, एक विचारू?”

“विचारा.”

“तुमी सांगितलं ही ऊर्जा पातळ होत न्हाय. मग रबर कसं चालंल? ओढलं की रबर पातळ होतंय की.”

मी दिवसभर उभी होते. थोड्या तुटकपणे म्हणाले, “राजय्या, ते एक उदाहरण आहे. उदाहरण शेवटपर्यंत ताणायचे नसते.”

रबराची गुंडाळी खोक्यात ठेवत ते म्हणाले, “उदाहरण बी मोजून द्यावं, बाई. पोरं उदाहरणच घरी नेतात, नियम हितंच ठेवतात.”

त्यांचे बरोबर होते. बारा वर्षे मी मुलांना बटणे दाखवली होती आणि बटणांखालचे रबर त्यांना पाहू दिले नव्हते.

चार दिवसांनी त्यांनी मला धाकट्या भावाच्या घरी नेले. अंबय्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग होते. त्या आवाजात ओरडूनच बोलावे लागे. राजय्यांनी मागावरून उतरणाऱ्या कापडावर बोट ठेवले. “बघा. कापड वाढतंय, पण इंचाला धागे तेवढेच. काल उतरलं त्यात चाळीस, आज उतरतंय त्यात चाळीस. वाढतंय आन् पातळ होत न्हाय. हेच पायजे की तुमाला.”

मी दोन क्षण खूश झाले. मग माझ्यातली शिक्षिका जागी झाली. “पण राजय्या, हे एकाच टोकाला वाढते आहे. विश्व सगळीकडे सारखे वाढते. प्रत्येक दोन दीर्घिकांच्या मधे.”

अंबय्या हसले. “अन्ना, आता आबाळ विणाय सगळ्या बाजूनं माग लावा.”

राजय्यांच्या पत्नी नरसम्मा शेजारच्या आपल्या घरातून चहा घेऊन आल्या होत्या. त्या मला म्हणाल्या, “बाई, ह्यांना घरातलं मीठ संपलेलं कळत न्हाय, आबाळ वाढलेलं बरं कळतंय.”

राजय्या चहा पीत होते. त्यांचे लक्ष नरसम्मांच्या साडीच्या निऱ्यांकडे होते, हे मला नंतर उमगले. दुसऱ्या दिवशी ते प्रयोगशाळेत आले तेव्हा त्यांच्या हातात एक जुना टॉवेल होता. त्याला खळ लावून, बारीक चुण्या घालून, इस्त्री केली होती. मधे मधे बटणे टाचली होती. त्यांनी एक टोक माझ्या हाती दिले. आम्ही ओढले. प्रत्येक दोन बटणांमधल्या चुण्या एकाच वेळी उलगडल्या, अंतरे सगळीकडे वाढली, आणि उघडलेल्या कापडाची वीण होती तेवढीच राहिली. बटणे मात्र पूर्वी जवळ जवळ होती, ती आता विरळ झाली होती.

मी टॉवेलकडे पाहत राहिले. बटणे म्हणजे पदार्थ. तो जितका आहे तितकाच राहतो आणि जागा वाढली की विरळ होतो. त्याची आवळून धरण्याची शक्ती त्या मानाने उणी पडते. कापड म्हणजे कृष्ण ऊर्जा. ते जितके उघडेल तितके तिचे राज्य वाढते. विश्वाचा वेग आरंभी मंदावत गेला आणि गेल्या काही अब्ज वर्षांत वाढू लागला, तो का, हे एका टॉवेलवर दाखवता येत होते.

“याला नाव काय दिलंय म्हणाला? कृष्ण ऊर्जा?” राजय्यांनी विचारले. “नाव ठेवलंय, माल कुठला ते ठाऊक न्हाय. असा माल आमच्या गोदामातबी येत व्हता.”

विज्ञान प्रदर्शनात विद्यार्थ्यांच्या आणि शिक्षकांच्या गटांबरोबर प्रयोगशाळा परिचरांचाही एक गट असतो. त्यात परिचराने स्वतः तयार केलेले साहित्य स्वतःच्या नावाने मांडायचे असते. आमच्या शाळेतून त्या गटात कधी कुणी गेले नव्हते. मी अर्ज भरला. राजय्या नको म्हणाले नाहीत. तेहतीस वर्षांत शाळेच्या प्रत्येक बक्षिसाच्या छायाचित्रात साहित्य त्यांनी उचलून आणलेले असे आणि ते स्वतः चौकटीबाहेर असत. निवृत्तीला सहा महिने उरले होते. नरसम्मांनी घराच्या दर्शनी भिंतीवर खिळा ठोकून घेतला. “प्रमाणपत्र आल्यावर फ्रेम करून लावायचं,” त्या मला म्हणाल्या. “पोरांचं सगळ्यांचं लागलं. ह्यांचंच काय न्हाय.”

प्रदर्शनासाठी टॉवेल चालणार नव्हता. राजय्यांनी अंबय्यांच्या मागावर अरुंद, लांब पट्टी विणली. इंचाला आडवे चाळीस धागे. गोदामातल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही टोकांना आणि मध्यावर, अशी तीन ठिकाणी मोजणी केली. तिन्हीकडे चाळीस भरले. नरसम्मांनी खळ लावून चुण्या घातल्या आणि मी खुलाशाचा तक्ता लिहिला. तक्त्यावर ठळक अक्षरांत होते: ‘कापड वाढते, वीण बदलत नाही. कुठेही मोजा.’

प्रदर्शन मंगळवेढ्याच्या एका शाळेत होते. आम्ही पहाटेच्या एसटीने गेलो आणि परीक्षक येण्याच्या तासभर आधी मांडणी पूर्ण केली. राजय्या पांढऱ्या शर्टात होते. रिकामे बसणे त्यांना जमत नसे. त्यांनी काच काढली आणि पट्टी एका टोकापासून मोजायला घेतली.

थोड्या वेळाने ते एका जागी थांबले. पुन्हा मोजले. मग सुई खाली ठेवली.

“बाई, हितं छत्तीस भरतात.”

पहिल्या टोकाच्या आणि मध्याच्या दरम्यान वीतभर कापडात इंचाला चार धागे कमी होते. त्यांनी अंबय्यांना फोन लावला. उलगडा लगेच झाला. पट्टी थोडी विणून राजय्या जेवायला उठले, तेव्हा ती पुरी झाली असे समजून अंबय्यांनी स्वतःच्या टॉवेलांसाठी मागाचे दातेरी चाक बदलले होते; इंचाला आडवे धागे किती बसायचे ते हे चाक ठरवते. राजय्या पुन्हा विणायला बसले तेव्हा ते तसेच राहिले होते. अंबय्यांच्या ते वेळाने ध्यानात आले, आणि धागा जोडायला म्हणून राजय्या उठले असताना त्यांनी चाक बदलून टाकले. वीतभर कापडासाठी काय सांगायचे, म्हणून सांगितले नाही. तीन ठिकाणच्या मोजणीत ती वीत निसटली होती.

“चूक त्याची न्हाय,” फोन ठेवून राजय्या म्हणाले. “नऊ वर्सं मी तीन जागी मोजून माल पास केला. मधलं कधी बघितलंच न्हाय.”

मी पट्टीकडे पाहिले. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नव्हते. मी म्हणाले, “तेवढ्या भागाच्या चुण्या आपण उघडू नयेत.”

“मग विश्वाचा तेवढा तुकडा वाढतच न्हाय म्हणायचं का?”

तेव्हा मी जे बोलले ते मला शब्दशः आठवते. मी म्हणाले, “राजय्या, परीक्षक धागे मोजणार नाहीत.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. “ते मोजणार न्हाईत, हे मलाबी ठाव हाय, बाई. म्हणून तर आपून सांगायचं.”

परीक्षक आले. एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे गृहस्थ होते ते. राजय्यांनी पट्टी उलगडून दाखवली, बटणे आणि कापड यांचा अर्थ सांगितला. परीक्षक थांबून ऐकू लागले; दोन प्रश्न विचारले, दोन्हींची उत्तरे मिळाली. आपल्या सहकाऱ्याला ते म्हणाले, “ही चुण्यांची कल्पना फार चांगली आहे.” त्यांची लेखणी कागदावर टेकली होती.

“साहेब, एक राहिलं,” राजय्या म्हणाले. “हितनं हितवर वीतभर कापडात इंचाला चार धागे कमी हायत. बाकी सगळीकडं चाळीस, हितं छत्तीस.”

परीक्षकांना आधी नीट कळले नाही. राजय्यांनी काच आणि सुई त्यांच्या हाती दिली. ते वाकून मोजू लागले, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा छत्तीसवर आले. मग तक्त्यावरचे ‘कुठेही मोजा’ वाचून त्यांनी विचारले, “म्हणजे तुमचे तत्त्व तुमच्याच साहित्यातून सिद्ध होत नाही?”

“व्हय साहेब. वीतभर होत न्हाय.”

शेजारच्या टेबलावरचे माढ्याचे परिचर हसून म्हणाले, “अण्णा, तुमी स्पर्धक हाय का परीक्षक?” राजय्याही हसले. परीक्षक हसले नाहीत. त्यांनी काही लिहिले, काच परत केली आणि ते पुढे गेले.

संध्याकाळी निकाल लागला. तिन्ही क्रमांकांत राजय्यांचे नाव नव्हते. परतीच्या एसटीत ते खिडकीपाशी बसले होते. बाहेर दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. नरसम्मांनी दिलेली भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही वाटून घेतली. बऱ्याच वेळाने त्यांनी विचारले, “बाई, त्या तारे मोजणाऱ्यांची चूक निघाली तर ते काय करतात?”

“दुरुस्ती छापतात.”

“नावानिशी?”

“नावानिशी.”

“मग बरं हाय,” ते म्हणाले आणि भाकरीचा तुकडा मोडला.

घरी त्यांनी नरसम्मांना सगळे सरळ सांगितले. नव्या वर्षी त्या खिळ्यावर कॅलेंडर लागले.

काही महिन्यांनी राजय्या निवृत्त झाले. पट्टी त्यांनी शाळेतच ठेवली. दुसरी, निर्दोष पट्टी विणून देतो, असे म्हणत होते. परंतु पुढे त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात निकामी झाला. मी महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला जात असे. बोलणे अडखळत होई, पण प्रश्न संपले नव्हते.

एका भेटीत मी त्यांना एक बातमी सांगितली. आकाशातल्या लक्षावधी दीर्घिकांची अंतरे मोजून एक मोठा नकाशा तयार झाला होता, आणि कृष्ण ऊर्जा काळाबरोबर थोडी क्षीण होत असावी असे त्यातून काही शास्त्रज्ञांना वाटू लागले होते. खात्री नव्हती, मोजणीतला दोषही असू शकत होता.

राजय्यांनी डोळे मिटून ऐकले. “किती ठिकाणी मोजलंय?”

“पुष्कळ. अजून मोजताहेत.”

“मोजू द्या. मधलं सोडू नका म्हणावं.”

मला इतके दिवस जे बोलायचे होते ते मी त्या दिवशी बोलले. म्हणाले, “राजय्या, हे खरे ठरले, तर तुमची ती पट्टीच बरोबर होती, असे म्हणावे लागेल. वीण खरोखरच कुठेतरी पातळ होते.”

त्यांनी डोळे उघडले. डाव्या हाताने ‘नाही’ अशी खूण केली आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, “न्हाय बाई. आबाळ पातळ निघालं, म्हणून माझं चाक बरोबर होतं, असं न्हाय. माझी चूक ती चूकच.”

त्यानंतर ते चार महिने जगले. मी पोहोचले तेव्हा पूर्व भागातली बरीच माणसे जमली होती. अंबय्यांचे दोन्ही माग त्या दिवशी बंद होते.

विज्ञानदिनाचे व्याख्यान मी अजून देते. रबर केव्हाच गेले; पट्टी उलगडायला आता दोन मुली पुढे येतात. दोघींकडून मी ती सदोष वीतही मोजून घेते. मग मुलांना सांगते की, हे चार धागे कमी आहेत हे राजय्या नावाच्या गृहस्थांनी प्रदर्शनाच्या दिवशी शोधले आणि स्वतः परीक्षकांना दाखवले. आणि तुमच्या बाईंनी त्यांना सांगितले होते की, परीक्षक धागे मोजणार नाहीत. हे शेवटचे वाक्य मी गाळत नाही. दर वर्षी ते म्हणताना मला पट्टीकडे पाहावे लागते.

गेल्या खेपेला एका मुलीने हात वर केला. “बाई, त्यांनी सांगितलं नसतं तर बक्षीस मिळालं असतं का?”

“बहुतेक मिळाले असते,” मी म्हणाले.

मग फळ्याकडे वळून मी पुढचा मुद्दा लिहायला घेतला.